मित्रास पत्र: ब्रसेल्स स्प्राउट्स निखाऱ्यावर भाजताना

सांगली
पौष शुद्ध पंचमी

प्रिय शिरीष,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. रविवारी गच्चीवर आठ-दहा जणांना बोलावलंयस, पुण्याहून किलोभर ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे ते इवल्या कोबीसारखे गड्डे, मागवलेत, इथवर सगळं झकास. पण ते दही, आलं-लसूण आणि तिखट लावून रात्रभर मुरवणार आहेस हे वाचलं आणि लगेच लिहायला घेतलं. पनीरला जे चालतं ते या भाजीला चालत नाही. दह्याचं पाणी आटेपर्यंत कापलेली बाजू शंभर अंशाच्या वर जाऊच शकत नाही, आणि भाजल्याचा खमंगपणा यायला साधारण १४० अंशांच्या पुढं जावं लागतं. तोवर वरचं दही करपतं, लसूण कडू होते आणि आतली भाजी नुसती वाफवलेली राहते. तेव्हा दही बाजूला ठेव. चव लावायची ती भाजून झाल्यावर. शेगडीवर जाताना अंगाला फक्त तेल हवं.

आधी माल बघून घे. गड्डे घट्ट, हाताला जड आणि हिरवेगार हवेत, देठाचा काप पांढरट हवा. काप तपकिरी पडला असेल आणि वरची पानं पिवळी असतील तर माल जुना आहे, त्याचा वास उग्र येणार. सगळे गड्डे साधारण एका मापाचे, तीन सेंटिमीटरच्या आसपासचे निवड. किलोत तसे पन्नास-साठ बसतात. रविवारपर्यंत ठेवायचे तर न धुता, सुती पिशवीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. धुऊन ठेवलेस की दोन दिवसांत बुळबुळीत.

कडूपणाचं म्हणशील, तर ही भाजी कोबी, फ्लॉवर, नवलकोल यांचीच सख्खी भावंड आहे, शास्त्रात तर एकच जात. मोहरीही याच कुळातली. लोणच्यासाठी मोहरी फेसली की नाकात जो झणका जातो, त्यामागचं सिनिग्रिन नावाचं द्रव्य यातही असतं. चिरलं की पेशी फुटतात, आतलं विकर (एन्झाइम) त्या द्रव्यावर काम करतं आणि तिखट-कडवट वास सुटतो. १९९०च्या दशकात नेदरलँड्समध्ये हान्स फान डोर्न या शास्त्रज्ञानं सिनिग्रिन आणि प्रोगॉयट्रिन ही दोन द्रव्यं कडूपणाला जबाबदार असल्याचं दाखवलं. मग बियाणं कंपन्यांनी जुनी कमी कडू वाणं शोधून त्यांचा संकर केला. म्हणून आजचा माल पूर्वीच्या मानानं बराच गोडसर लागतो. शेतात असताना कडाक्याची थंडी बसली की गोडी आणखी वाढते.

दुसरा दोष मात्र बियाण्याचा नाही, आपल्या हातचा. सात-आठ मिनिटांच्या पुढं उकळत ठेवलं की गंधकाची संयुगं सुटतात आणि घरभर जास्त शिजलेल्या कोबीचा वास भरतो. ‘मला ही भाजी आवडत नाही’ म्हणणारे बहुतेक लोक या वासाला वैतागलेले असतात.

आता तू विचारशील, मग उकळायचं तरी कशाला, थेट जाळीवर का नाही? गड्डा घट्ट असतो, आच आत पोचायला वेळ लागतो. कच्चा ठेवलास तर बाहेर कोळसा आणि आत करकरीत. म्हणून आधी अर्धकच्चं शिजवायचं, मग मोठ्या आचेवर थोडाच वेळ भाजायचं.

पद्धत अशी. देठाचा जुना काप दोन मिलिमीटर, एवढाच काढ. जास्त कापलंस तर पानं धरून ठेवणारा गाभाच जातो आणि जाळीवर गड्ड्याची पानं-पानं होतात. वरची सैल पानं काढून वेगळी ठेव, टाकू नकोस. मिठाच्या गार पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेव, मावा किंवा अळी असेल तर वर येते. मग मोठ्या पातेल्यात चार लिटर पाणी खळखळ उकळव, त्यात मूठभर, म्हणजे चाळीसेक ग्रॅम मीठ घाल. गड्डे अख्खेच सोड, अर्धा किलोच्या दोन घाण्यांत, प्रत्येकी चार मिनिटं. सगळे एकदम टाकलेस तर पाण्याची उकळी बसते आणि वेळेचा हिशेब चुकतो. झाकण ठेवू नकोस, रंग हिरवा राहतो आणि वास कोंडत नाही. पाणी भरपूर घ्यायचं कारण, कडू द्रव्य थोडंफार त्यात उतरतं. ते पाणी आमटीला वगैरे वापरायचं डोकं लढवू नकोस, ओतून दे. सुरीचं टोक देठात किंचित अडत शिरलं की काढायचं आणि लगेच गार पाण्यात टाकायचं.

चिरायचं ते यानंतर, आधी नाही. आधी चिरलेस तर पानांच्या फटींमधून आत पाणी भरतं आणि ते नंतर जाळीवर थेंबथेंब गळत बसतं. गार झालेला गड्डा निथळून देठापासून उभा दोन भागांत काप, म्हणजे प्रत्येक फोडीला गाभ्याचा तुकडा मिळतो. मग स्वच्छ पंचा पसरून सगळ्या फोडी कापलेली बाजू खाली करून अर्धा तास ठेव. हा अर्धा तास कुणी पाहुणे लवकर आले तरी कमी करू नकोस. सगळी गंमत त्या कोरड्या, सपाट बाजूवर आहे.

सळया दोन-दोन वापर. एकाच सळीवर ओवलं की पलटताना सळी फिरते आणि फोड जागची हलत नाही. दोन समांतर सळया गाभ्यातून आडव्या घाल, सगळे सपाट काप एकाच पातळीत येतील असं बघ. दोन फोडींमध्ये बोटभर जागा सोड, वाफ निघून गेली पाहिजे. बांबूच्या काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजव.

तेल शेंगदाण्याचंच, पण भाजायला रिफाइंड घे, ते सव्वादोनशे अंशांपर्यंत धुरत नाही. घाण्याचं तेल त्याच्या बरंच आधी धुरायला लागतं, ते शेवटी वरून घ्यायला ठेव. किलोला तीन मोठे चमचे पुरे, ब्रशनं कापलेल्या बाजूला लाव. ओतू नकोस. निखाऱ्यावर तेल ठिबकलं की भडका उडतो आणि भाजीला काजळीचा वास लागतो.

शेगडीचं काय करणार आहेस ते लिहिलं नाहीस. नसेल तर लोखंडी घमेलं तीन विटांवर ठेव, चालतं. जाळी मात्र जस्ताचा मुलामा दिलेली, खुराड्याची वगैरे, अजिबात नको, तापल्यावर त्याचा धूर विषारी असतो. साध्या लोखंडाची किंवा स्टीलची आण. कोळसा लोणारी, दीड किलो. दगडी कोळसा नको. पेटवायला रॉकेल ओतू नकोस, तो वास जेवणापर्यंत जात नाही. खाली करवंट्या पेटवून वर कोळसा रच. हुरड्याच्या आगटीसारख्या शेणी घालाव्यात असं कुणीतरी सुचवेलच. हुरड्याला त्यांची मंद धग बरोबर आहे, इथं आच कडक लागते आणि धूर नको असतो.

वीस-पंचवीस मिनिटांत कोळशावर पांढरी राख चढली की निखारे एका बाजूला ढकल. दोन भाग कडक आचेचे, एक भाग जवळजवळ रिकामा. जाळी निखाऱ्यांपासून आठ-दहा सेंटिमीटर वर ठेव. जाळीच्या उंचीवर तळहात धरून तीन-चार सेकंदांत ओढून घ्यावासा वाटला तर आच बरोबर. सात सेकंद टिकला तर थांब, वारा घाल. अजिंक्यताऱ्याकडून संध्याकाळी तुझ्या गच्चीवर वारा सुटतोच, त्यानं कोळसा भरभर जळेल, म्हणून शेगडीच्या त्या अंगाला पत्रा उभा कर. थंडी वाजते म्हणून शेगडी खोलीत किंवा जिन्यात मात्र नेऊ नकोस, विझत आलेली असली तरीसुद्धा. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि बंद जागेत माणूस झोपेतच जातो.

जाळी आधी पाच मिनिटं तापव, तेलाच्या फडक्यानं पूस आणि सळया कापलेली बाजू खाली करून ठेव. आता पाच मिनिटं हात लावायचा नाही. दर मिनिटाला उचलून बघणारा एक जण प्रत्येक गच्चीवर असतो, त्याला कांदा चिरायला बसव. चिकटल्यासारखं वाटलं तर ओढू नकोस, अजून अर्धा-एक मिनिट दे. खरपूस थर धरला की काप आपोआप सुटतो. काठाची पानं काळसर, मधला गाभा गडद सोनेरी, आणि वास भाजलेल्या शेंगांच्या जवळ जाणारा, असं झालं की पलट. गोल बाजूला दोन-तीन मिनिटं पुरतात. एखादी सळी आत कच्ची वाटली तर रिकाम्या बाजूला सरकव आणि वर पातेलं पालथं घाल, तीन मिनिटांत होते. सगळ्यांवर मात्र झाकू नकोस, वाफेनं कुरकुरीतपणा जातो.

बाजूला ठेवलेली सैल पानं चमचाभर तेल आणि चिमूटभर मीठ लावून लोखंडी तव्यात जाळीवर ठेव. मिनिटभरात पापडासारखी होतात, क्षणभर नजर हलली तर राख.

आता चव. छोट्या कढल्यात दोन मोठे चमचे घाण्याचं तेल कोमट कर, खाली उतरव आणि दीड लहान चमचा कांदा-लसूण मसाला घाल. आचेवर असताना घातलास तर करपेल आणि अख्ख्या गच्चीला ठसका लागेल. त्यात दोन चमचे काकवी आणि दोन लिंबांचा रस. तासगावचा बेदाणा मूठभर त्या लिंबाच्या रसातच आधी भिजवून ठेव, फुगलेला छान लागतो. हे सगळं मोठ्या परातीत घालून गरम फोडी त्यात टाक, हलक्या हातानं खालीवर कर आणि वरून जाडसर दाण्याचं कूट तीन चमचे. मीठ चाखून मगच. मसाल्यात असतं आणि उकळतानाही लागलेलं असतं. काकवी जाळीवर असताना लावायचा मोह होईल, पण तिच्यातली साखर मिनिटभरात जळते आणि जाळीला डांबर चिकटल्यागत बसते. माझ्या मते या चवीच्या जिनसांत काकवी-लिंबाची जोडी सगळ्यात महत्त्वाची, त्यातलं बाकी काही सुटलं तरी चालेल. चीज घालू नकोस, कोण काही म्हणो.

पाऊस-बिऊस आला किंवा कोळसा मिळाला नाही तर बिडाचा तवा मध्यम आचेवर पाच मिनिटं तापवून हेच कर. धुराची चव येणार नाही, रंग तोच येईल.

एक आठवलं. काका रक्त पातळ करायची वॉरफेरिनसारखी गोळी घेत असतील तर त्यांच्या पानात किती वाढायचं ते डॉक्टरांना विचार. या भाजीत व्हिटॅमिन के भरपूर असतं आणि एकदम जास्त खाण्यानं त्या गोळीचा परिणाम कमी होतो.

उरलंच तर पुन्हा शेगडीवर ठेवू नकोस, रबरासारखं होतं. सकाळी बारीक चिरून मोहरी, हिरवी मिरची आणि कढीपत्त्याच्या फोडणीवर दोन मिनिटं परत, वर ओलं खोबरं. भाकरीबरोबर खा.

काकांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. सळ्या कमी पडत असतील तर शनिवारच्या आत कळव, इकडून येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवतो.

तुझा,
अनिरुद्ध