दिसायला एक, शोधायला दोन

कोल्हापूर,
मंगळवार, रात्री उशिरा

प्रिय बाळ्या,

रंगपंचमीला तुझा फोन येऊन गेला, तेव्हापासून आज लिहितो, उद्या लिहितो असं चाललंय. रागावला असशील तर तुझा हक्कच आहे. आईचा गुडघा आता बरा आहे, आक्का मजेत, माझं बीपी गोळीवर नीट आहे. आता ज्यासाठी बसलोय ते लिहितो, कारण हे ऐकून 'मग फरक काय पडला?' असं न विचारणारा तू एकटाच आहेस.

उद्यमनगरातल्या त्या फौंड्रीत आपलं कामांचं ॲप अजून रोज चालतं. परवा फोरमन काकांनी 'ॲल्युमिनियम' हा टॅग दाबून कामं बघितली. हाऊसिंगचा साचा दुरुस्त करायचं काम त्यात दिसेना. त्यांना वाटलं टाकायचंच राहिलं, म्हणून त्यांनी ते परत टाकलं. पॅटर्न शॉपमध्ये एकाच साच्याची दोन कामं गेली आणि दोन पोरांचा अर्धा दिवस वाया गेला. मी फोन केला तर काका म्हणाले, "माझंच चुकलं असंल, मला त्यातलं नीट जमत नाही." बाळ्या, त्यांचं काही चुकलं नव्हतं. काम तिथंच होतं.

टॅगची यादी उघडली तर एकाखाली एक दोन ठोकळे दिसले: 'ॲल्युमिनियम १४' आणि 'अॅल्युमिनियम ३'. डोळ्याला एकच शब्द. पण पहिल्यातला 'ॲ' हे एकच अक्षर आहे, युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, क्रमांक ०९७२. दुसऱ्यात 'अ' आणि त्याच्यावर वेगळा चंद्र, म्हणजे दोन खुणा. हा ०९७२ युनिकोडमध्ये आला २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधी बरेच जण अ वर चंद्र देऊन लिहायचे, आणि कित्येक कीबोर्ड अजून तसंच लिहितात. तू लगेच म्हणशील, एनएफसी लाव, म्हणजे समान अक्षरं एकाच रूपात आणणारी युनिकोडची रीत. लावलेलंच आहे. पण युनिकोड या दोघांना समान मानतच नाही, त्यामुळे एनएफसी दोन्ही जसेच्या तसे सोडतं. 'ऑर्डर' आणि 'आॅर्डर' यांचंही तसंच. हे आपलं आपणच जुळवावं लागतं.

मग 'गिऱ्हाईक' बघितलं. काही कीबोर्ड सरळ ऱ देतात, काही र, हलन्त आणि मग न दिसणारा जॉइनर, म्हणजे जोडणारी खूण, देतात. इथं क्रम चुकला की घात होतो. बहुतेक जण सगळ्यात आधी न दिसणारी अक्षरं पुसून टाकतात. जॉइनर आधी पुसला की 'आचाऱ्यांना'चं 'आचार्यांना' होतं. म्हणून आधी र-हलन्त-जॉइनर या तिघांचं ऱ-हलन्त करायचं, आणि मगच उरलेले जॉइनर पुसायचे. सरांनी फळ्यावर हेच दोन शब्द लिहून आपल्याला तास संपेपर्यंत उभं केलं होतं, आठवतंय ना?

पण खरा धक्का शोधात बसला. 'पुणे' टाकलं की पाण्याच्या मोटारीची कामं येत होती. आपण एस्क्यूलाइट या डेटाबेसचा एफटीएस५ हा शोधाचा भाग वापरतो. मजकुराचे शब्द पाडणारा त्याचा युनिकोड६१ टोकनायझर मुळात फक्त अक्षरं आणि अंक शब्दाचा भाग धरतो. काना, मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त, अनुस्वार हे युनिकोडच्या लेखी अक्षरं नव्हेत, एमएन आणि एमसी या गटांतल्या खुणा आहेत. त्यामुळे तो प्रत्येक खुणेपाशी शब्द तोडतो. 'पाणी' म्हणजे 'प' आणि 'ण'. 'पुणे' म्हणजेसुद्धा 'प' आणि 'ण'. इतके दिवस लोक मराठीत शोधत होते आणि आपण त्यांचे काना-मात्रे फेकून देऊन उत्तर देत होतो. औषध एका ओळीचं आहे: टेबल बनवताना कॅटेगरीज या सेटिंगमध्ये 'एल*, एन*, सीओ' या आधीच धरलेल्या गटांपुढं 'एमएन' आणि 'एमसी' लिहायचं. चालू टेबलात ते बदलता येत नाही. नवीन टेबल करून सगळा मजकूर परत भरावा लागतो. रिमूव्ह डायक्रिटिक्स या, अक्षरांवरच्या खुणा काढणाऱ्या सेटिंगवर अजिबात वेळ घालवू नकोस, ते देवनागरीला हात लावत नाही.

तीन-तीन खुणांचे तुकडे पाडणारा ट्रायग्रॅमही करून बघितला, एस्क्यूलाइट ३.३४ पासून आहे तो. शब्दाच्या मधला तुकडाही सापडतो, हे छान. पण तीनपेक्षा कमी खुणांचा शब्द त्याला मिळतच नाही. 'नट' म्हणजे दोनच खुणा. वर्कशॉपच्या ॲपमध्ये 'नट' सापडणार नसेल तर तो शोध काय कामाचा? सोडून दिला.

आता तुझं-माझं जुनं भांडण. तू म्हणायचास, टॅग मोकळे सोडू नकोस, ठरलेल्या यादीतूनच निवडायला लाव. मी म्हणायचो, माणसाला त्याचा शब्द लिहू दे. रंकाळ्यावर त्या दिवशी तू अर्धं कणीस तसंच ठेवून निघून गेलास. माझं मत अजून बदललेलं नाही, पण तुझ्या म्हणण्यातलं एक घेतलंय. लिहायला लागलं की आधी जुळणारे जुने टॅग खाली दिसतात, त्यांच्यापुढं कामांचा आकडा असतो, आणि 'नवीन टॅग बनवा' ही ओळ सगळ्यात शेवटी येते. पहिली असली की घाईत तीच दाबली जाते आणि तिथूनच जुळी पैदा होतात.

जुळवणीसाठी प्रत्येक शब्दाच्या दोन किल्ल्या, म्हणजे साधी केलेली दोन रूपं, ठेवल्यात. कडक किल्ली टॅगसाठी: दिसायला सारखं तेवढंच एक करायचं. ॲ, ऑ, ऱ, जादा मोकळी जागा, इंग्रजी लहान-मोठी लिपी. बस. युनिक अट, म्हणजे तेच दोनदा चालणार नाही, ती हिच्यावर आहे. सैल किल्ली फक्त शोधासाठी. तिच्यात दीर्घाचं ऱ्हस्व, ऱ चा र, १२ आणि इंग्रजी बारा एकच, आणि 'पम्प'चं 'पंप'. या शेवटच्यात मी एकदा फसलो. अनुनासिकाच्या पुढं त्याच वर्गातलं पहिल्या चारांपैकी अक्षर असेल तरच अनुस्वार करायचा. पाचवंही धरलं की 'अन्न'चं 'अंन' होतं. दोन किल्ल्या का, तर शोधात आचारी आणि आचार्य एकत्र आले तर बिघडत नाही, माणूस डोळ्यानं निवडतो. पण टॅग म्हणून एकत्र झाले तर ते परत वेगळे करता येत नाहीत.

ऱ्हस्व करण्याचा मोठा फायदा सामान्यरूपात होतो. 'सूत' शोधलं तर 'तीन सुताचा गाळा' सापडायला पाहिजे. ऊ चा उ केला आणि शेवटी तारा (*) लावून शब्दाच्या सुरुवातीशी जुळवलं की सापडतो. शोधलेल्या शब्दाच्या टोकाचा काना-वेलांटीही काढायची, म्हणजे 'साचा'वरून 'साच्याला' आणि 'पाणी'वरून 'पाण्याची' मिळतं. 'पाणंद'ही येते सोबत, येऊ दे. जसंच्या तसं जुळलेलं वर ठेवलं की झालं. शीर्षकाला दहा, टॅगला पाच, टिपणाला एक असं वजन दिलंय. निकाल किती जुळला ते सांगणाऱ्या बीएम२५ या सूत्राचा आकडा इथं ऋण येतो, चढत्या क्रमानंच लावायचा. उतरता लावलास तर सगळ्यात वाईट निकाल वर येतील आणि तू वजनंच बदलत बसशील.

'मूस' मात्र अडली. 'मुशीत' मध्ये स चा श होतो, तिथं कुठलाच असा नियम पुरत नाही. अशा शब्दांचा छोटा तक्ता हातानंच भरतोय. फौंड्रीतले शब्द काकाच सांगतात, आणि फार आनंदानं सांगतात.

गाळणीकडं, म्हणजे टॅगवरून कामं निवडण्याकडं, वळतो. टॅग स्वल्पविरामानं एकाच रकान्यात ठेवण्याची जुनी पद्धत मी काढून टाकली. तिच्यात 'कोअर' शोधलं की 'कोअरबॉक्स'ही यायचा. आता कामं, टॅग आणि त्यांची जोडणी असे तीन तक्ते आहेत. दोन्ही टॅग असलेली कामं हवी असतील तर जोडणीतून त्या दोन टॅगच्या ओळी घ्यायच्या, कामानुसार गट करायचे आणि ज्या गटात वेगळे टॅग बरोबर दोन आहेत तेवढे ठेवायचे. 'डिस्पॅच नको' हे 'टॅग डिस्पॅच नाही' असं लिहिलं तर चुकतं, कारण त्या कामाचा दुसरा टॅग अटीत बसतो आणि काम आत येतं. तिथं नॉट एक्झिस्ट्सच पाहिजे, म्हणजे 'तसा टॅग जोडलेलाच नसावा' ही अट. आणि 'टॅगच नाही' ही गाळणी विसरू नकोस, हरवलेली कामं तिथंच सापडतात.

दोन टॅग दाबले तर 'आणि' की 'किंवा', यावर तू 'किंवा'च म्हणणार. अर्धं खरं आहे. टॅगचे गट केलेत: विभाग, गिऱ्हाईक, निकड. एका गटात 'किंवा', गटागटांत 'आणि'. 'कोअर, मशिनिंग, तातडीचं' दाबलं की पहिल्या दोनांपैकी कुठलंही, पण तातडीचंच. समजावून सांगावं लागलं नाही कुणाला. तुझ्या लग्नाच्या यादीत हळदीपासून बँडपर्यंत सगळ्यालाच 'तातडीचं' लावलेलं होतं, तिथं मात्र कुठलीच गाळणी चालली नसती! प्रत्येक टॅगपुढचा आकडा चालू गाळणी धरून मोजतो. शून्य आला तर टॅग फिका करतो, लपवत नाही. लपवला की काका परत म्हणतील, टाकलाच नव्हता.

एकच गाठ सुटायची आहे, तिथं तू हवास. जुळे टॅग एक करताना जोडणीतला आयडी सरळ बदलला तर ज्या कामावर दोन्ही टॅग आहेत तिथं युनिक अट मोडते. म्हणून एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल, नाहीतर काहीच नाही) आधी इन्सर्ट ऑर इग्नोर (आधीच असेल ते सोडून नवीन जोडणी घालायची), मग जुन्या जोडण्या डिलीट. इथवर ठीक. पण शॉपमधले दोन फोन दिवसदिवस नेटवर नसतात. संध्याकाळी ते जुना आयडी घेऊन येतात आणि पुसलेला टॅग परत उभा राहतो. जुनी ओळ न पुसता तिच्यात 'हा आता त्यात गेला' असा आयडी ठेवायचा असं मनात आहे. पण एक टॅग दुसऱ्यात आणि दुसरा तिसऱ्यात गेला, तर साखळी वाचताना सोडवायची की एकत्र करतानाच सगळ्या जुन्या ओळी शेवटच्यावर वळवायच्या? मला दुसरं बरं वाटतं. सिंकचा, म्हणजे फोनमधला मजकूर जुळवण्याचा, भाग तू लिहिलायस, तूच सांग.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? धाकटीचा दहावीचा शेवटचा पेपर झाला का? तिला सांग, काकाकडं यायचंच आहे.

शनिवारी येणारच असशील तर तुझा तो जुना अँड्रॉइड फोन घेऊन ये, कीबोर्ड अपडेट न करता. त्यावर 'गिऱ्हाईक' कसं उमटतं ते मला बघायचंय.

तुझा,
दिग्या