लाल मातीत टिकणारे क्लीटचे बूट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चतुर्थी आटोपली, पावसाचा जोर ओसरला की पेडणे-बार्देशचे सडे, सत्तरीतल्या आडवाटा आणि सांगे-काणकोणच्या काजूबागांतल्या पायवाटांवर माउंटन सायकली दिसू लागतात. पेडलला अडकणारे, म्हणजे क्लीटचे (तळाला बसवलेल्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या लहान तुकड्याचे) बूट कोणते घ्यावेत ही विचारणाही याच दिवसांत सुरू होते. या बुटांविषयी जे वाचायला मिळते ते बहुतेक थंड मुलुखांतल्या लोकांनी त्यांच्या सोयीने लिहिलेले असते. तेच निकष इथे लावले तर महागडा बूटही दोन पावसाळ्यांत तोंड वासतो. म्हणून गोव्याची जमीन आणि हवा धरून हा पत्रप्रपंच.

पहिली गल्लत क्लीटच्या प्रकारात होते. रस्त्यावरच्या रेसिंग सायकलीच्या बुटाला तळाशी त्रिकोणात तीन भोके असतात आणि त्याची प्लास्टिकची क्लीट तळाच्या बाहेर आलेली असते. तो बूट घालून चिऱ्याच्या उतारावरून चार पावले चालणेही जिकिरीचे. माउंटन सायकलीला दोन बोल्टची पद्धत, जी शिमानो कंपनीने 1990 साली आणलेल्या एसपीडी नावाच्या पेडलपासून रुळली. यातली लहानशी धातूची क्लीट रबराच्या दोन कडांमधल्या खाचेत दडून राहते, त्यामुळे सायकल ढकलत चढ चढता येतो. क्रँकब्रदर्स आणि टाइम या कंपन्यांच्या माउंटन पेडलांच्या क्लीटही याच दोन बोल्टांवर बसतात. बूट तोच चालतो, क्लीट मात्र ज्या कंपनीचे पेडल, तिचीच लावायची.

आता टिकाऊपणाचे. आपल्याकडे हा बूट झिजून जाण्याआधी सुटून जातो. ऊन, दमट हवा आणि व्हाळातले (ओढ्यातले) पाणी यांनी सोल चिकटवलेला सांधा ढिला पडतो. सुरुवात बहुधा दोन ठिकाणी होते: सायकल ढकलताना जिथे बूट वाकतो तिथे, बोटांपाशी, आणि क्लीटच्या खाचेच्या कडेला. दुकानात बूट हातात घेतल्यावर वरचे रंग आणि नक्षी नंतर बघा, आधी हा सांधा बघा. जाड कागदाचे कार्ड सांध्यावरून फिरवावे. ते कुठे आत सरकत असेल तर तो जोड नव्या बुटातच कच्चा आहे. तळाचे रबर अखंड आहे की खूर, म्हणजे तळाचे उंचवटे, सुटे सुटे चिकटवले आहेत, हेही पाहावे. सुटे खूर वजन वाचवतात, पण जांभ्याच्या धारेवर एकेक करून उखडतात आणि उखडलेला खूर रानात सापडत नाही. तळाची कड वाटीसारखी वर चढून बुटाला शिवलेली असेल तर उत्तम, कारण चिकटवण सुटले तरी शिलाई घरापर्यंत साथ देते. नाकावर रबर वर वळलेले असावे. ठेचेचा पहिला मार तिथेच बसतो.

सगळ्यात फसवा प्रकार मधल्या थराचा. काही बुटांच्या टाचेत पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा मऊ थर असतो. हवेतल्या बाष्पाने या रसायनाचे हळूहळू विघटन होते आणि बूट वापरला नाही तरी हे चालूच राहते. खोक्यात जपून ठेवलेला कोरा बूट पायात घातल्यावर पहिल्याच चढाला टाचेचा चुरा झाला, तर दोष वापरणाऱ्याचा नसतो. इव्हीए नावाच्या फोमला हा रोग नाही. म्हणून सवलतीत मिळणाऱ्या जुन्या साठ्यातला बूट घेताना खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचावे. वेष्टणावर ते छापणे कायद्याने बंधनकारक आहे. तीन-चार वर्षे गोदामात पडलेला पीयूचा बूट निम्म्या किमतीतही महागच. ओळखायचा कसा? टाचेची बाजू अंगठ्याने घट्ट दाबावी. बारीक भेगा उमटल्या, पृष्ठभाग चिकट लागला किंवा बोटाला भुकटी आली तर खोके परत करावे.

कडकपणाबद्दल नाहक दबदबा आहे. कार्बनचा तळ हलका आणि ताठ असतो, शर्यतीत त्याचा उपयोगही होतो, पण सड्यावर त्याची अडचणच जास्त. शेवाळ धरलेल्या ओल्या चिऱ्यावर कडक प्लास्टिकचे खूर सरळ घसरतात. तिथे मऊ रबर धरते. नाकाशी बसवायचे धातूचे खिळे चिखलात कामाचे, खडकावर धोक्याचे. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची पट्टी आणि त्यावर मऊ रबर, ही जोडी पायवाटेला पुरते. एका हातात टाच आणि दुसऱ्यात नाक धरून बूट वाकवून बघा. बोटांपाशी तो थोडा लवायला हवा, क्लीटच्या जागी अजिबात लवता कामा नये. तिथे लवला तर लांबच्या चढाला तळपायाला पेडलचा गोळा टोचत राहतो. कंपन्या कडकपणाचे जे आकडे छापतात ते ज्याच्या त्याच्या मोजपट्टीचे असतात. एका कंपनीचा 7 आणि दुसरीचा 7 यांची तुलना करू नये.

‘वॉटरप्रूफ’ ही पाटी पाहून भुलणारे पुष्कळ. पाणी अडवणारा पडदा असलेला बूट थंडीच्या देशात पाय उबदार ठेवण्यासाठी बनतो. आपल्याकडे पाऊस पायावरून ओघळत बुटात वरून शिरतो, व्हाळ ओलांडताना घोट्यापर्यंत पाणी येते आणि मग तोच पडदा आत आलेले पाणी बाहेर जाऊ देत नाही. दुसऱ्या दिवशीही बूट ओला, तिसऱ्या दिवशी वास. त्यापेक्षा बाजूला जाळी आणि तळाशी पाणी निथळायला भोके असलेला बूट घ्यावा. पाय भिजेल हे गृहीत धरून तो लवकर वाळेल एवढेच पाहायचे. जाळी मात्र बोटांच्या बाजूला नको, तिथे काट्याकुट्यांनी फाटते. चामडे टाळावे; ते जड होते आणि बुरशी धरते. वर गुळगुळीत थर दिलेले स्वस्त कृत्रिम चामडे दमट हवेत पापुद्रे सोडते. घट्ट विणीचे कापड किंवा चांगल्या प्रतीचे मायक्रोफायबर, ही निवड योग्य.

बांधणीत लेस हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात भरवशाचा उपाय. तुटली तर कोपऱ्यावरच्या गाड्यावर दुसरी मिळते. लेसवर झाकण किंवा ती खोचायला रबरी पट्टी असावी, नाहीतर ती चेनमध्ये अडकते. वेल्क्रोत लाल धूळ आणि गवताचे कुसळ भरले की पकड जाते. जुन्या टूथब्रशने साफ केले की बरीचशी परत येते. बोआची, म्हणजे बारीक तार गुंडाळून बूट आवळणारी, फिरकी सोयीची. एका हाताने घट्ट होते, पकड सगळीकडे सारखी बसते. पण चिखल आत सुकला की फिरकीचे दात अडतात. दर फेरीनंतर तिच्यावर साध्या पाण्याची धार सोडावी, तेल अजिबात घालू नये, कारण तेलावर धूळ बसते. फिरकी आणि तार बदलून मिळतात, तेव्हा विकत घेतानाच दुकानदाराला सुट्या भागांबद्दल विचारावे. फिरकी बुटाच्या अगदी बाहेरच्या बाजूला नसावी; जांभ्याच्या बांधाला घासून तीच पहिली तुटते.

मापाचे थोडक्यात. बूट संध्याकाळी घालून पाहावा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. उभे राहिल्यावर अंगठ्यापुढे 5 ते 10 मिमी मोकळे हवे. चप्पल घालून वाढलेला पाय बोटांकडे पसरट असतो, त्याला अरुंद साचा चालत नाही. तेव्हा काही कंपन्यांची रुंद आवृत्ती मागावी. लांबीत एक नंबर वाढवला तर टाच उचलली जाते.

आता क्लीट, कारण बूट चांगला असूनही माणूस पडतो तो इथे. क्लीट दोन बोल्टांनी आतल्या आटेदार पट्टीवर कसली जाते. ती पट्टी आतल्या गादीखाली असते. बोल्टला 4 मिमीची ॲलन की लागते आणि कसण्याचा जोर 5 ते 6 न्यूटन-मीटर. आट्यांना आधी ग्रीस लावलेच पाहिजे. चोडण-दिवारच्या फेरीबोटीवर उडणारे खारे पाणी आणि समुद्राजवळची हवा यांनी कोरडा बोल्ट एका मोसमात गंजून पट्टीशी एकजीव होतो. बुटासोबत आलेला पाणीरोधक स्टिकर आतून पट्टीवर चिकटवावा. तो अनेकजण खोक्यातच टाकून देतात आणि मग तळातून चिखल मोज्यापर्यंत चढतो.

पहिल्या फेरीनंतर दोन्ही बोल्ट पुन्हा कसावेत. हे टाळल्यास काय होते ते लक्षात घ्या. एक बोल्ट गळून पडला की क्लीट उरलेल्या बोल्टभोवती फिरते. थांबताना तुम्ही टाच बाहेर वळवता, बूट वळतो, पण क्लीट पेडलमध्ये तशीच राहते आणि पाय सुटत नाही. अशा वेळी झटापट करू नये. दुसरा पाय टेकवून, बांधणी सोडून पाय बुटातून बाहेर काढावा आणि बूट मागाहून सोडवावा. पिशवीत दोन जादा बोल्ट आणि एक ॲलन की असली की ही वेळ पाच मिनिटांत निभावते.

बोल्टच्या षटकोनी खाचेत माती दगडासारखी बसते. ती टाचणीने पूर्ण कोरून काढल्याशिवाय की घालू नये. अर्धवट बसलेली की फिरवली की कोपरे गोल होतात. गोल झालेच तर टी-25 टॉर्क्सचा (चांदणीच्या आकाराचा) बिट हलक्या हातोडीने आत ठोकून फिरवावा, बहुतेक वेळा बोल्ट सुटतो. तेवढ्याने नाही झाले तर ड्रिलशिवाय इलाज नाही, आणि ते काम गॅरेजवाल्याकडे न्यावे.

क्लीटची जागा आधी चवड्याच्या खाली धरावी, मग पायवाटेसाठी काही मिलिमीटर टाचेकडे सरकवावी. उतारावर उभे राहताना पोटरीवरचा भार कमी होतो. म्हणून खाच टाचेकडे लांब असलेला बूट घ्यावा. नव्याने शिकणाऱ्याने शिमानोची काळी एसएच 51 लावण्याऐवजी चंदेरी एसएच 56 लावावी. ती टाच वळवून सुटते, तशीच वरच्या दिशेने ओढूनही सुटते. पेडलचा ताण बहुधा 3 मिमीच्या कीने कमी करता येतो, तो दोन्ही बाजूंना सारखा सैल ठेवावा. क्रँकब्रदर्सचे पेडल चिखल चांगला झटकते, पण त्याची पितळी क्लीट पोलादीपेक्षा मऊ असल्याने आपल्या खरबरीत मातीत लवकर झिजते. त्याच्या कड्या बुटाचा तळही कोरतात. त्यासाठी क्लीटखाली बसणारी पातळ पोलादी पट्टी मिळते, ती लावून घ्यावी. नव्या बुटात क्लीट अडकतच नसेल तर बहुधा खाचेच्या कडेचे रबर पेडलला टेकते. क्लीटखाली 1 मिमीची चकती घालावी किंवा तेवढेच रबर धारदार सुरीने तासावे.

वापरून झाल्यावर गादी काढून बूट साध्या पाण्याने धुवावा. गाड्या धुण्याच्या प्रेशर पंपाने धुवू नये, त्याची धार सांध्यात शिरते. मग आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि दोन तासांनी बदलावेत. (आपल्या दैनिकाचा हा उपयोग संपादक मान्य करतील अशी आशा.) पंख्याखाली, सावलीत वाळवावा. उन्हात तापलेल्या मोटारीच्या डिकीत ठेवलेल्या बुटाचे चिकटवण मऊ पडते; कितीतरी बूट रानात नव्हे, डिकीत सुटतात.

सांधा सुटू लागला की बोटभर असतानाच दुरुस्त करावा. दोन्ही पृष्ठभाग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून, पुसून, पूर्ण वाळवावेत. मोची वापरतात ते रबराचे सोल्यूशन दोन्हीकडे पातळ लावून बोटाला चिकटेनासे होईपर्यंत, म्हणजे साधारण 10 ते 15 मिनिटे थांबावे, मग दाबून 24 तास बांधून ठेवावे. ओले असतानाच दाबले तर वरवर चिकटते आणि पहिल्या व्हाळात सुटते. शिलाई घालायची असेल तर मोच्याला क्लीटची खाच आणि आतली पट्टी आधी दाखवावी, नाहीतर सुई तिथेच मोडते.

इथल्या सायकल दुकानदारांना एक विनंती. हजारोंचे बूट कपाटात मांडता, पण एम 5 चे (5 मिमी जाडीचे) क्लीट बोल्ट, आतल्या पट्ट्या, पाणीरोधक स्टिकर आणि बोआच्या सुट्या तारा मागितल्या की ‘मुंबईहून मागवावे लागेल’ हेच उत्तर मिळते. हे सारे एका लहान डब्यात मावते. गिऱ्हाइकाला गादी काढून आतली पट्टी पाहू द्यावी, आणि दुकानात एक जुने पेडल शिकंज्यात बसवून ठेवावे, म्हणजे बूट अडकवून-सोडवून पाहता येईल.

आपला,
एक सायकलपटू वाचक, फोंडा