उत्पन्न नेमके कोणते धरायचे?

महोदय,

बारावीचा निकाल लागला की सेतू केंद्रांपुढे दाखल्यांसाठी रांगा लागतात. अर्जात ‘वार्षिक उत्पन्न’ असा एकच रकाना असतो आणि पालकांचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. ओबीसींच्या नॉन क्रिमिलेयर (आरक्षणासाठी उन्नत गटात मोडत नसल्याच्या) दाखल्यासाठी आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखल्यासाठी मर्यादा ८ लाखांचीच. पण मोजणी पूर्णपणे वेगळी. १९९३च्या केंद्रीय आदेशानुसार ओबीसींच्या उत्पन्न निकषात पालकांचा पगार व शेतीचे उत्पन्न धरले जात नाही. (पालकांचे नोकरीतील पद आणि जमीनधारणा यांचे निकष स्वतंत्र आहेत.) बाकीचे उत्पन्न सलग तीन वर्षे मर्यादेच्या वर हवे, तरच सवलत जाते. २०१९च्या ईडब्ल्यूएस नियमांत मात्र पगार, शेती, व्यवसाय सारे एकत्र धरतात, तेही आदल्या एकाच आर्थिक वर्षाचे.

हे ठाऊक नसल्याने पगार ८ लाखांवर गेलेले कितीतरी ओबीसी पालक अर्जच करत नाहीत आणि मुलांची हक्काची जागा जाते. हे मला फार अन्यायाचे वाटते. महसूल विभागाने प्रत्येक अर्जावरच, कोणते उत्पन्न धरायचे आणि कोणते वगळायचे, हे साध्या मराठीत छापावे. पुढच्या प्रवेशांआधी एवढे व्हावे, ही विनंती.

– एक पालक, बार्शी