आई-बाबा, या वेळी मी एकटीच नेतेय दोन्ही मुलांना

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आईने "बरं बरं, तुझं तू बघ" म्हणून फोन बाबांकडे दिला असता, बाबांनी लगेच "आम्ही येतोच, बॅग भरतो" म्हटलं असतं आणि मग मला नाही म्हणवलं नसतं, म्हणून लिहितेय. पुढच्या मंगळवारी मी दोन्ही मुलांना थीम पार्कला घेऊन जातेय. एकटीच. तिकिटं काढून झालीत, तीनच काढलीत. तुमच्या जावयाला सुट्टी मिळत नाहीये आणि थोरलीला गेल्या वर्षीपासून कबूल केलंय, आता तिला परत "पुढच्या सुट्टीत" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तुम्हाला वगळलं असं प्लीज मनात आणू नका. चार दिवस मी हाच विचार करतेय. मागच्या वेळी रांगेत बाबा चपलेत खडा गेला म्हणून कठड्यावर बसले होते ना, तो खडा नव्हता हे मला तेव्हाच कळलं होतं. आईलाही कळलं होतं. कोणीच काही बोललं नाही. पण बाबा, त्यानंतर मी धाकट्याचा हात धरून उभी होते आणि बघत होते तुमच्याकडे, आणि तेवढ्यात तो हात सोडवून कारंज्याकडे पळाला. मिळाला लगेच, काही झालं नाही, म्हणून तेव्हा सांगितलंही नाही. आज सांगतेय ते तुमची चूक म्हणून नाही, अजिबात नाही. तुम्ही बरोबर असलात की माझा जीव चार ठिकाणी असतो एवढंच, आणि त्या गर्दीत तो दोनच ठिकाणी असायला हवा. तुम्हाला पाऊण पाऊण तास उन्हात उभं करायचं आणि वर तुम्ही "आम्हाला काही होत नाहीये" म्हणत राहायचं, हे मला आता बघवत नाही.

आता माझी काळजी करू नका. सगळं ठरवलंय.

मंगळवार मुद्दाम घेतलाय, शनिवार-रविवार नको. गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोचायचं, कारण पहिल्या तासाभरात रांगा सगळ्यात लहान असतात. सगळे लोक गेटजवळच्या राइडला थांबतात, आपण सरळ आत मागे जायचं आणि तिकडून पुढे येत राहायचं. दुपारी गर्दी सगळ्यात जास्त, तेव्हा रांगेत उभं राहायचंच नाही, एसीमधला एखादा शो बघायचा, बसायचं, पाणी प्यायचं. पाण्याच्या राइड्स निघायच्या आधी, म्हणजे दिवसभर ओल्या कपड्यांत फिरायला नको. दोघांचा एकेक जोड जास्तीचा घेतलाय. आणि आई, ओआरएसची पाकिटं आठवणीने ठेवलीत, तुझा पुढचा प्रश्न तोच असणार.

जुनी स्ट्रोलर तुमच्या माळ्यावर आहे हे माहितीये मला. ती काढायला स्टुलावर कोणीही चढायचं नाही, बाबा तुम्हीसुद्धा नाही, मी तिथेच भाड्याने घेणार आहे. धाकटा चार वर्षांचा झाला तरी दुपारी झोपणार आणि त्याला कडेवर घेऊन थोरलीचा हात धरायचा म्हणजे माझा एकही हात मोकळा राहत नाही. जड बॅग हँडलला अडकवणार नाही, तो टुणकन उतरला की स्ट्रोलर मागे उलटते, ते एकदा झालंय आपल्याकडे.

राइड्सचं जरा वाईट वाटतं. दोन मोठी माणसं असली की एक जण मुलांपाशी थांबतो, दुसरा बसून येतो, मग अदलाबदल, बऱ्याच पार्कांत तशी सोय असते आणि पुन्हा रांग लावावी लागत नाही. मला एकटीला त्याचा उपयोग नाही. थोरलीला एकटीला बसवून मी धाकट्याला घेऊन खाली उभी राहिले असते, पण उतरायचा दरवाजा चढायच्या दरवाज्यापाशी नसतो, ती बाहेर येऊन मला शोधत बसली तर काय करायचं. म्हणून तिघांना एकदम बसता येईल तेवढ्याच राइड्स. तिला समजावून सांगितलं. थोडा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मग मोठी राइड मी आजोबांबरोबर करेन, नंतर कधीतरी." मला काही बोलताच आलं नाही.

आणि धाकट्याची उंची. बाबा, तुमची ती पिवळी स्टीलची टेप आहे ना माझ्याकडे, तिनेच मोजलं. एका राइडला 100 सेंमी लागतात आणि हा भरला 97. टाचा उचलल्या, मग केस वर उभे केले, मग आतून बूट घालून आला. डोळे टेपच्या आकड्यावर आणि श्वास रोखलेला, अगदी मी तुमच्यासमोर दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायचे तसा. शेजारची म्हणाली जाड तळाचे बूट घाल, चालून जातं. मी नाही घालणार. एका बारखाली दोघं बसलो की तो बार माझ्या मांडीवर अडतो आणि त्याच्या मांडीवर फट राहते, उंचीचा नियम उगाच नसतो. रडला बराच वेळ. मांडीवर घेऊन बसले तर तसाच झोपून गेला.

सुरुवात मेरी-गो-राउंडपासून करणार आहे. बाबा, ती गोष्ट तुमचीच, वॉल्ट डिस्ने दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जायचा, मुली मेरी-गो-राउंडवर आणि हा बाकावर बसून बघत, तिथे त्याला वाटलं की आईबापांना मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा हवी, आणि मग 1955 च्या जुलैमध्ये डिस्नेलँड उघडलं. किती वेळा सांगितलीत तुम्ही, तेव्हा मला त्यातला फक्त घोडा आवडायचा. आता तो बाकावर बसलेला बाप डोळ्यासमोर येतो. त्याच्याकडेही दोन मुलं आणि मोठं माणूस एकच होतं.

हरवण्याचं पण ठरवून ठेवलंय. जत्रेत मी हरवले होते तेव्हा मोठ्या पाळण्यापाशीच उभी राहिले होते, कारण बाबांनी सांगितलं होतं, "आम्ही दिसलो नाही तर हलायचं नाही, मी येतोच." दोघांकडून तेच वाक्य पाठ करून घेतलंय, रोज झोपताना म्हणून घेते. खूप वेळ झाला तर युनिफॉर्म घातलेल्या माणसाला नाहीतर मुलं बरोबर असलेल्या एखाद्या आईला सांगायचं. शर्टवर नाव लिहिणार नाही, कोणीही नावाने हाक मारेल आणि पोरं जातील. दंडावर पेनने नंबर लिहिणार आहे, परवा आंघोळीच्या वेळी लिहून बघितला, साबण लावूनही वाचता येत होता. आणि कोणी दिसेनासं झालंच तर मी गुपचूप शोधत फिरणार नाही, तिथल्या तिथे मोठ्याने ओरडून सांगणार, निळा टी-शर्ट, चार वर्षांचा, म्हणजे आजूबाजूचे सगळेच बघायला लागतात. आई, तेव्हा तू ओरडत होतीस आणि मला नंतर कित्येक दिवस त्याची लाज वाटायची. आज वाटतं, तू ओरडलीस म्हणून मी सापडले.

बाथरूमला तिघं एकत्र, एकाच केबिनमध्ये. हे पण लिहून ठेवते, नाहीतर आई रात्री उठून विचार करत बसेल.

आता तुमचं. मंगळवारी आई बीपीची गोळी सकाळीच घेणार, मला विचारून झाल्यावर नाही. बाबांनी गुडघ्याचा पट्टा घरातसुद्धा लावायचा. दिवसभर मला फोन करू नका, बॅटरी पुरवायचीय, पॉवर बँक आहे तरीसुद्धा. मी 11 ला, 2 ला आणि निघताना मेसेज टाकीन. उशीर झाला तर रांगेत असेन, लगेच जावयाला फोन लावायचा नाही. शनिवारी दोघांना घेऊन येतेच आहे, चार दिवस राहू, धाकटा बाबांच्याच खोलीत झोपेन म्हणतोय. खालची गादी आल्यावर मी घालीन, तुम्ही उचलू नका.

आणि एक काम तुमच्याकडे आहेच. गेटवर दोघांचा उभा फोटो काढून पाठवेन, त्या दिवशीचे कपडे, बूट सगळं दिसेल असा. तो डिलीट करू नका, माझा फोन बंद पडला तर तोच फोटो तुमच्याकडे असेल. दंडावर पहिला नंबर माझा आणि दुसरा बाबांचा लिहिणार आहे. म्हणून बाबा, मंगळवारी फोन सायलेंटवर नको, खिशातच ठेवा, आणि अनोळखी नंबरवरून आला तरी उचला.

तुमचीच