लाल ट्रॅक्टरवाल्या काकांना

प्रिय काका,

तुमचं नाव मला शेवटपर्यंत कळलंच नाही. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तुम्ही काहीतरी सांगितलंत आणि ते वाऱ्यात आणि तुमच्या त्या यॉर्कशर बोलीत विरून गेलं, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. गेटवरच्या पाटीवरून पत्ता शोधून इंग्रजीत एक कार्ड पाठवलंय, पण त्यात चारच ओळी मावल्या. बाकीचं मराठीतच येतंय मला, काय करू.

जूनमधला शनिवार होता. तुमच्या स्वेलडेल खोऱ्यात म्यूकर गावाच्या अलीकडे समोरच्या गाडीला वाट द्यायला गेले आणि माझं चाक रस्त्याकडेच्या चरात. ब्रेकडाउन कंपनीला फोन करायचा तर रेंज नाही, अर्धा मैल चढून गेले तेव्हा लागला, आणि तिथल्या माणसाने अत्यंत गोड आवाजात सांगितलं की गाडीपाशीच थांबा. थांबलो. तीन तास थांबलो! वर्षाचे पैसे कापून घेताना मात्र यांना एक दिवसही उशीर होत नाही. शेवटी तुम्हीच ट्रॅक्टर आणलात आणि गाडी निघाली, ते कसं ते सोडा, तुमच्यासाठी ते रोजचंच असणार.

मला आभार मानायचेत ते त्याच्या आधीच्या तासाभराचे.

माझे वडील, अप्पा, देवगडकडचे. आई गेल्यावर मी त्यांना लीड्सला घेऊन आले, आणि आल्यापासून बघतेय, जिथे जाऊ तिथे लोक त्यांच्याबद्दल माझ्याशी बोलतात. त्यांना चहा चालेल का, त्यांना इंग्लिश येतं का, त्यांना खुर्ची हवीय का. माणूस समोर उभा असतो हो! डॉक्टरकडच्या काउंटरवर तर त्यांचं दुखणंही मलाच विचारलं. सगळे प्लीज आणि थँक्यू म्हणणारे, वाईट कोणीच नाही, पण अप्पा म्हणजे माझ्या हातातली बॅग असल्यासारखं. आणि खरं सांगू, हळूहळू मीही तशीच वागायला लागले होते.

तुम्ही कुरणाच्या कडेची पडलेली भिंत रचत होतात. अप्पा गाडीतून उतरले, बघितलं आणि म्हणाले, "गडगो पडलो हा गो." आमच्या कोकणात सिमेंट न लावता नुसत्या दगडांवर दगड रचून कुंपण घालतात त्याला गडगा म्हणतात, मालवणीत गडगो. आमचा जांभ्याचा, तुमचा चुनखडीचा, एवढाच फरक. मी नको नको म्हणतेय तोवर अप्पा थेट तुमच्यापाशी गेले, खाली बसले आणि दगड निवडायला लागले.

तुम्ही मला विचारलं नाहीत की यांना जमेल का. माझ्याकडे बघितलंही नाहीत. हातमोजे काढलेत आणि त्यांच्यापुढे धरलेत.

अप्पांनी मान हलवली आणि दोन्ही तळवे उघडून दाखवले, असे, देवापुढे धरावेत तसे. तुम्ही वाकून ते तळवे नीट बघितलेत. मग हातमोजे स्वतःच्या खिशात कोंबलेत आणि तुम्हीही उघड्या हातांनी दगड उचलायला लागलात.

बस, एवढंच. दोन महिने झाले तरी हे आठवलं की माझा घसा दाटून येतो, ऑफिसमध्ये मीटिंग चालू असताना पण.

पुढचा तासभर तुम्ही तुमच्या भाषेत बोलत होतात आणि अप्पा मालवणीत, आणि कोणाचं काही अडलं नाही. दोन बाजूंनी दोन भिंती, एकमेकींकडे किंचित झुकलेल्या, मध्ये कपच्या भरायच्या, आणि मध्येच एक लांब दगड आरपार आडवा टाकायचा म्हणजे दोन्ही बाजू धरून राहतात. हे कळायला इंग्लिश कशाला लागतंय? थंडीत जमीन गोठते नि सुटते, वर मेंढ्या चढतात म्हणून भिंत पडते, हे तुम्ही हातवारे करून सांगितलंत, अप्पांनी वळून मला सांगितलं, "आमच्याकडे पावसान आणि म्हशींनी."

ते शेतातलं दगडी कोठार दाखवलंत, वर गवत आणि खाली हिवाळ्यात गुरं, तर अप्पा म्हणाले, हा मांगर. कुरणात पिवळी, जांभळी फुलं गुडघ्याएवढी उभी होती, फुलांचं बी गळून पडेपर्यंत, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत, तुम्ही ते कापत नाही हे मीच त्यांना समजावलं. नंतर वाचलं की इंग्लंड-वेल्समधली असली ९७ टक्के कुरणं १९३० पासून पुढच्या पन्नासेक वर्षांत संपली, तेव्हा कळलं आपण काय बघून आलो. आणि तो कर्ल्यू पक्षी! त्याचं घरटं जमिनीवर असतं म्हणून तुम्ही चार काठ्या रोवून ठेवल्या होत्यात. त्याची ती खाली वाकलेली लांब चोच बघून अप्पा ओरडलेच, "ह्यो तर थंडीत आमच्या खाडीत येता!" येतो खरंच, तिकडे येणारे सायबेरियाकडचे असतात म्हणे, तुमचे नव्हेत, पण मी काही बोलले नाही.

एका जागी अप्पांनी दगड जरा तिरका बसवला होता. तुम्ही बघितलंत, मला दिसलं तुम्ही बघितलेलं. पुढचा दगड त्याच्या तिरकेपणाला जुळेल असा शोधलात आणि त्यावर ठेवलात. सोन्यासारखी माणसं असतात जगात, फक्त ती कस्टमर केअरला बसत नाहीत.

त्या दिवशी गाडीत अप्पा लीड्स येईपर्यंत बोलत होते. आई गेल्यापासून एवढं बोललेले मी ऐकलं नव्हतं.

आता ते गावी परत गेलेत. या पावसात घरामागचा गडगा पडला, तो गणपतीच्या आधी उभा करायचा म्हणतायत, गडी मिळत होता तर नको म्हणाले. काल फोटो पाठवलाय, प्रिंट काढून तुम्हाला पोस्ट करतेय. निम्मा झालाय. आणि विचारतायत, तुमच्याकडचा तो तिरका दगड अजून जाग्यावर आहे का.

तुमची,
चरात गाडी घालणारी मुलगी