झेरॉक्सवाल्या ताईंना, चियांग माईतल्या ‘लुंग’कडून

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला यातलं एक अक्षर कळायचं नाही. तुमच्या दुकानाच्या भिंतीवरच्या थाई यादीसमोर मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझीही तीच गत होती. फिट्टंफाट. मुलगी सवडीने तुम्हाला वाचून दाखवणार आहे. पण भाषांतर करताना ती माझी वाक्यं मऊ करते, हा अनुभव आहे. म्हणून आधी जसंच्या तसं लिहून ठेवतो. शिवाय हल्ली आमच्याकडचे बरेच आईवडील मुलांपाठी परदेशी राहायला जातात. त्यांच्याही नजरेस पडलेलं बरं.

तुमचं नाव मला आता ठाऊक आहे, पण ते इथे लिहीत नाही. तुम्ही मला ‘लुंग’ म्हणता. पहिल्या दिवशी ते ऐकून मी खाली स्वतःच्या पँटकडे बघितलं होतं, लुंगीबिंगी काही म्हणताय की काय. आईवडिलांच्या थोरल्या भावाला इकडे लुंग म्हणतात आणि माझ्या वयाच्या कुठल्याही माणसाला त्याच नावाने हाक मारतात, हे नंतर कळलं. आमच्याकडचा काकाच की हा.

मी महसूल खात्यातला माणूस. चौतीस वर्षं तहसील कचेरीत काढली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. का सांगितलं नाही, ते पुढे येईल.

२०२४ सालचा मार्च आठवा. डोंगरातल्या आगींचा धूर शहरावर बसलेला, शहरालगतचा दोई सुथेप डोंगर चार दिवस दिसलाच नव्हता. मुलीला आठवडाभर आधीच कळा सुरू झाल्या आणि ती दवाखान्यात दाखल झाली, जावई तिच्यापाशी. इकडे माझ्या मुक्कामाची मुदत संपायला दोन दिवस. आदल्या वर्षी सगळं तिनेच केलं होतं. मी फक्त सह्या केल्या आणि फोटोसाठी चष्मा काढला. या वेळी तिने कॉटवरूनच सांगितलं, “बाबा, निळ्या फायलीत सगळं आहे.”

नव्हतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला निवृत्त म्हणून थायलंडमध्ये राहायचं तर दर वर्षी मुदतवाढ घ्यावी लागते. त्याची सरळ वाट म्हणजे थाई बँकेत स्वतःच्या नावावर ८ लाख बाट. ते अर्जाआधी दोन महिने खात्यात हवेत, मंजुरीनंतर तीन महिने हलवायचे नाहीत आणि पुढेही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही. नाहीतर महिना ६५ हजार बाटची आवक दाखवा. ते माझ्या पेन्शनीला झेपणारं नाही. म्हणून ग्रॅच्युइटीत प्लॉट विकल्याचे पैसे घालून ८ लाख बाट इकडे आणले, तेव्हाच्या दराने अठरा-एकोणीस लाख रुपये. ते खात्यात बसून असतात. ते आहेत, एवढाच मला त्यांचा उपयोग. अर्जाची फी १,९०० बाट. देशाबाहेर जायचं असेल तर आधी परतीचा परवाना काढायचा, तो न काढता विमानात बसलात की वर्षाची मुदतवाढ गेली. आणि दर ९० दिवसांनी ‘मी याच पत्त्यावर राहतो’ अशी वर्दी द्यायची. आमच्या ट्रेझरीला दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागतो तो वेगळाच. म्हणजे वर्षातून चारदा मी इथे राहतो आणि एकदा मी जिवंत आहे. दोन-दोन सरकारांना माझी एवढी काळजी!

तर त्या दिवशी इमिग्रेशन कचेरीतल्या खिडकीवरच्या बाईंनी माझी फाइल दोन मिनिटांत परत केली. त्या उद्धट बोलल्या नाहीत. पेन्सिलीने तीन ठिकाणी फुल्या मारल्या, एकदा हसल्या आणि पुढचा नंबर पुकारला. मीही चौतीस वर्षं अशाच फुल्या मारल्या आहेत, त्यामुळे फुल्या बरोबर असणार याबद्दल मला शंका नव्हती. फक्त त्या कशाबद्दल आहेत ते कळत नव्हतं. दाराबाहेर एकाने हलक्या आवाजात इंग्रजीत विचारलं, खात्यात पैसे नसले तरी करून देतो, किती द्याल? भाषा वेगळी होती, पण तो आवाज मी ओळखतो. आमच्या कचेरीबाहेरच्या वडाखालीही असाच आवाज असायचा. मी मान हलवली आणि समोर दिसलं त्या दुकानात शिरलो.

दुकान कसलं, पत्र्याची शेड, दोन यंत्रं आणि एक टेबल. टेबलाला स्टेपलर सुतळीने बांधलेला. आमच्याकडे पेन बांधतात. तो बांधलेला स्टेपलर बघितला आणि उगाच जिवात जीव आला.

तुम्ही काही विचारलं नाहीत. फाइल घेतलीत आणि एकेक कागद पापड वाळत घालावेत तसा टेबलावर मांडलात. मी मोबाइलवर भाषांतर करून काहीबाही सांगायला गेलो, तर हाताने थांबवलंत. “चाय येन-येन, लुंग.” मन थंड ठेवा, असा त्याचा अर्थ, हेही नंतर कळलं. तेव्हा मला चहा घेता का विचारताय असं वाटून मी नको म्हटलं.

पहिली फुली पासबुकाची. बँकेचं पत्र होतं, शिल्लक होती, पण पासबुकात त्या दिवसाची नोंद नव्हती. तुम्ही गल्ल्यातून शंभराची नोट काढून दाखवलीत, मग हवेत यंत्राची बटणं दाबलीत, मग पासबुकाच्या शेवटच्या ओळीखाली नखाने रेघ ओढलीत. खात्यात ८ लाख असलेल्या माणसाला ही बाई शंभर भरायला का सांगते, मला उमगेना. शेवटी तुम्ही पोराला हाक मारलीत आणि त्याने मला स्कूटरवर मागे बसवून बँकेच्या मशिनपाशी नेलं. शंभर बाट भरले, पासबुक आत सरकवलं, कर्रकर्र आवाज झाला आणि आजच्या तारखेची ओळ उमटली. पैसे आजही जागेवर आहेत, हे सांगणारी ती एक ओळ. सातबारा ताजा आणा, जुना चालणार नाही, असं मी लोकांना किती वेळा सांगितलं असेल! शंभर बाटाची ओळ आणायला कुणी सांगितलं नाही म्हणून एखाद्याची सबंध खेप फुकट जाते, हे खिडकीच्या आतून दिसत नाही.

दुसरी फुली घराची. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने चोवीस तासांत कळवायचं, असा इथला कायदा आहे, १९७९ सालचा. जानेवारीत आम्ही घर बदललं तेव्हा मालकांनी ते केलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. मालक बँकॉकला. तुम्ही फोन लावलात. काय बोललात देव जाणे. आवाज गोडच होता, पण मधूनमधून माझ्याकडे बोट जात होतं आणि ‘लुंग’ एवढाच शब्द मला कळत होता. पंधरा मिनिटांत ‘लाइन’वर, म्हणजे इथल्या व्हॉट्सअ‍ॅपवर, त्यांच्या ओळखपत्राचा आणि ताबियन बानचा, म्हणजे निळ्या घरपुस्तिकेचा, सह्या केलेला फोटो आला. (आमच्याकडचं रेशनकार्ड आणि घरपट्टीची पावती एकत्र शिवली तर जे होईल, ते ताबियन बान.) दंड भरावा लागला, पण त्या दिवशी ते निभावलं.

तिसऱ्या फुलीवर मात्र मी खूश झालो. घराचा नकाशा हवा होता, हाताने काढलेला. नकाशा म्हणजे माझ्या घरचंच काम! पट्टी मागून घेतली, उत्तर दिशेचा बाण काढला, चतुःसीमा लिहिल्या. पूर्वेस वाट, म्हणजे तुमचं देऊळ. पश्चिमेस कालवा. दक्षिणेस शेजाऱ्यांची चिकूची झाडं. रस्त्याची रुंदीसुद्धा टाकली, अंदाजे. तुम्ही तो कागद सरळ धरून बघितलात, उलटा धरून बघितलात आणि तोंडावर हात ठेवून हसलात. मग माझ्या हातातली पेन्सिल घेऊन कोपऱ्यावर एक चौकोन काढलात आणि त्यात लिहिलंत ७. सेव्हन-इलेव्हनचं दुकान! या शहरात पत्ता तिथूनच सुरू होतो, उत्तरेचा बाण कोण बघतो? तरी तुम्ही माझा बाण खोडला नाहीत. त्याची मला अजून नवलाई आहे.

बारा वाजले. कचेरीची जेवणाची सुट्टी. आम्हीही ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणायचो, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नव्हतं. तुमच्या डब्यातला चिकट भात तुम्ही अर्धा मला वाढलात आणि मी झेरॉक्सच्या गठ्ठ्यावर सह्या करायला बसलो. प्रत्येक पानावर सही. माझी सही मराठीत आहे, पासपोर्टवरही तीच. तुम्ही त्या अक्षरांवरच्या रेघेवरून बोट फिरवलंत आणि भुवया उंचावून विचारलंत, हे काय? तिथून सुरू झालं. तुमच्या मुळाक्षरांची रांगही कखगघङ अशीच चालते, उच्चार तेवढे बदललेत. तुमच्या दुकानातल्या दिनदर्शिकेवर बौद्ध साल २५६७, आमचं शके १९४५ आणि पासपोर्टवर २०२४. मालकांच्या करारावरचं २५६७ बघून मी आधी तो घर नंबर समजलो होतो. मग तुम्ही महिने म्हणून दाखवलेत आणि मी उडालोच. मकराखोम, कुंफाफान, मीनाखोम, मेसायोन... अहो, या तर आमच्या राशी! मकर, कुंभ, मीन, मेष. ३१ दिवसांच्या महिन्याच्या शेवटी खोम आणि ३० दिवसांच्या शेवटी योन. मुठीवरची हाडं मोजत बसायला नको. दीड वर्ष इथे राहून हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलीलाही माहीत नव्हतं, हे मी तिला नंतर मुद्दाम विचारून घेतलं.

आता जे सांगायचं राहिलंय ते सांगतो.

तुमच्या यंत्राचा टोनर संपत आला होता. काही पानं फिकी येत होती. तुम्ही ती न बोलता बाजूला टाकून दुसऱ्या यंत्रावर पुन्हा काढत होतात. ते बघताना मला एक आजी आठवल्या. संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर मी सहा वर्षं होतो. त्या दोन एसट्या बदलून यायच्या. पहिल्या खेपेला वयाचा दाखला नव्हता. दुसऱ्या खेपेला दाखला होता, त्याची प्रत साक्षांकित नव्हती. तिसऱ्या खेपेला झेरॉक्स एवढी फिकी, की नाव वाचता येईना. तिन्ही वेळा मी नियमाने बरोबर होतो. फुली मारली, अर्ज परत केला. झेरॉक्सचं दुकान रस्त्याच्या पलीकडेच होतं, शिपायाला पाठवलं असतं तरी पाच मिनिटांचं काम. चौथ्या खेपेला त्या आल्या नाहीत. का आल्या नाहीत, याची मी कधी चौकशी केली नाही. तुम्ही डबा पुढे केलात तेव्हा मी थोडा वेळ जेवलो नाही. भात आवडला नाही असं तुम्हाला वाटलं. तसं नव्हतं.

एक वाजता तुम्ही गठ्ठा टाचून, क्रमाने लावून माझ्या हातात दिलात. तेवीस प्रती, दोन बाटने शेहेचाळीस. मी पाचशेची नोट पुढे केली आणि हात मागे घेतला. तुम्ही चारशे चोपन्न मोजून माझ्या खिशात घातलेत. वर तुमच्या गल्ल्यातली ती शंभराची नोट मी परत केली का, हेही तपासलंत. मी ती केली नव्हती. माफी असावी!

पावणेचारला पासपोर्ट मिळाला. घरी जायच्या आधी तुम्ही शिक्का उघडायला लावून त्यावरची तारीख बोटाने वाचलीत आणि पुढच्या वर्दीची तारीख एका चिठ्ठीवर लिहून पासपोर्टच्या मागच्या वेष्टनात सरकवलीत. ती चिठ्ठी अजून तिथेच आहे. तिच्यावर तुम्ही साल २०२४ लिहिलंय, माझ्यासाठी. रात्री नऊला नात झाली. तिच्या जन्माच्या कागदांच्या प्रती कुठून काढल्या असतील, हे तुम्हाला सांगायला नको.

९० दिवसांची वर्दी आता घरबसल्या ऑनलाइन देता येते. मुलगी दर वेळी तेच म्हणते आणि मी दर वेळी ती साइट चालत नाही म्हणून सांगतो. या बुधवारी येतोय. बुधवारला तुम्ही वान फुत म्हणता, तो आमचा बुधच. गेल्या खेपेला तुमच्या पोराने शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा उभ्या उभ्या संपवला आणि तुम्हाला एकही मिळाला नाही. म्हणून या वेळी दोन डबे आणतो, एक त्याच्या हाती आणि एक गल्ल्याखाली लपवायला. वर्दीला पासबुक लागत नाही, हे मला माहीत आहे. तरी बरोबर असेल, त्याच दिवशी भरलेलं.

आपला,
लुंग