वस्तऱ्याचा शेवटचा दगड आणि नंबरचा मोह

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला, घरी वस्तऱ्याने दाढी करण्यावरचा लेख वाचला. नव्या पोरांना वस्तऱ्याची गोडी लागतेय, याचा मला मनापासून आनंद आहे. अमळनेरात आमच्या घरी हा धंदा पिढीजात, आणि वडिलांचा जर्मनीतल्या सोलिंगेन गावचा वस्तरा मी आजही स्वतःच्या दाढीला वापरतो. पण 'शेवटचा दगड जितक्या मोठ्या नंबरचा तितका उत्तम' हा लेखातला सल्ला चुकीचा आहे. (दगड म्हणजे धार लावायचा; नंबर जितका मोठा, तितके त्याचे कण बारीक.) तो वाचून पोरांचे पैसे वाया जातील, म्हणून हे पत्र.

वस्तऱ्याला खरी धार बसते ती १००० नंबरच्या दगडावर. पात्याच्या दोन्ही बाजूंचे, धारेशी मिळणारे उतार तिथे टोकापासून टाचेपर्यंत एका रेषेत मिळायला हवेत. ते मिळाले की हातावरची लव पात्याच्या प्रत्येक भागाने सारखीच निघते. पुढे ४००० आणि ८००० चे दगड आधीच्या दगडाचे ओरखडे पुसत जातात, आणि १२००० चा शेवटची बारीक रेघ काढतो. नांगरट कच्ची राहिली तर वखर कितीही फिरवा, शेत तयार होत नाही. तसंच १००० वर काम अर्धवट राहिलं, तर ३०००० चा महागडा दगड घेऊनही पातं फक्त चकाकेल, केस ओढायचं थांबणार नाही.

नंबरचाही घोळ आहे. जपानी मोजणीत १००० च्या दगडाचा कण साधारण १२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ८००० चा सव्वा मायक्रॉनच्या आसपास. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या पॉलिश पेपरवर पी-२००० लिहिलेलं असतं, पण ती मोजणी युरोपची. त्याचा कण १० मायक्रॉनच्या जवळपास, म्हणजे तो जवळजवळ १००० च्या दगडाएवढाच. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त दगडावर नुसतं '१००००' छापलेलं असेल आणि मोजणी कोणती ते दिलेलं नसेल, तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

नैसर्गिक दगडांना तर नंबर लावताच येत नाही. बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर कोटिक्यूल दगड घ्या. त्यातले गार्नेट या कठीण खनिजाचे कण कित्येक मायक्रॉनचे असतात, तरी त्यावरची धार गालाला फार मऊ लागते, कारण ते कण गोलसर असतात आणि पोलादात खोल रुतत नाहीत. कोणी तापीच्या पात्रातला गुळगुळीत काळा गोटा आणून विचारतो, हा चालेल का? आपला काळा दगड जात्याला, पाट्या-वरवंट्याला उत्तम. वस्तऱ्याला नाही. त्यातले खनिजांचे कण लहान-मोठे असतात, आणि एकच मोठा कण धारेला खाच पाडायला पुरतो.

माझं मत विचाराल, तर नवशिक्याने शेवटचा म्हणून ८००० चा चांगला दगड घ्यावा आणि उरलेल्या पैशात, दगडानंतर पातं फिरवायला चामड्याचा चांगला पट्टा. हात बसला की मग नानिवा या जपानी कंपनीचा १२०००. त्यापुढे बहुतेकांच्या गालाला फरक कळत नाही.

दगड घेतल्यावर तो सपाट ठेवणं नंबरपेक्षा महत्त्वाचं. पेन्सिलीने चौकटी आखाव्या, जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून दगड घासावा. सगळ्या रेघा पुसल्या गेल्या की दगड सपाट. पात्याची पाठ दगडावरून उचलायची नाही, कारण धारेचा कोन तीच राखते. भार वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाएवढाच. वडील सांगायचे, "दगडले जोर नही, पानी लागस." शेवटच्या दगडावर तर हे फारच खरं आहे. तिथे जोर दिला की पातं वाकतं, धार एकसारखी उतरत नाही.

आपल्याकडच्या उन्हाचीही काळजी घ्या. नानिवासारखे मऊ बांधणीचे दगड बादलीत भिजत टाकू नयेत, वरून पाणी शिंपडलं की पुरे. काम झालं की सावलीत वाळवावेत. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ पर्यंत जातो, त्या उन्हात ओला दगड ठेवला तर त्याला चिरा पडू शकतात. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर दगड आणि पातं दोन्ही शेवटी गोड्या पाण्याने धुवावं, पातं कोरडं करून तेलाचा हात द्यावा.

आणखी एक. हा दगडावर धार लावायचा वस्तरा ज्याचा त्यानेच वापरावा. दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं अर्ध ब्लेड लावतात ते योग्यच आहे, रक्तातून कावीळ आणि एचआयव्ही पसरू शकतो.

पुढच्या पुरवणीत नंबरबद्दलची ही दुरुस्ती ठळकपणे छापावी, ही विनंती. जळगाव-धुळ्याची कॉलेजातली पोरं आपल्या लेखाचं कात्रण मोबाईलवर दाखवूनच माझ्याकडे दगड विचारायला येतात.

आपला,
एक जुना कारागीर,
अमळनेर, जि. जळगाव